पैलवानाचं रक्त आणि नारिंगी पिशवी

सन १९७१. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि नगरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. कागदावर हुद्दा लॅबोरेटरी अटेंडंट, तोंडानं सगळे हमालच म्हणायचे. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांचं आणि माझं पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली. मास्तर सांगायचे की शाळेनं मला सोडलं. मास्तर आता हयात नाहीत, तेव्हा माझंच खरं धरावं.

या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले, तर नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, काही गरज नाही. काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा जन्मभर वाचल्या, वहीच्या रेघा मला जड जाणार नाहीत. शुद्धलेखन तेवढं तिनं बघितलं. मजकुराला हात लावू दिला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे टिळेकर सर नवीन आले होते. पुण्याचे. अंगानं इतके बारीक की पांढरा कोट त्यांनी घातलाय असं वाटायचंच नाही, खुंटीला टांगलाय असं वाटायचं. त्यांना नाद एकच. औषध अंगात गेल्यावर कशाकशाला चिकटतं ते बघायचं. मी म्हटलं, सर, यात बघायचं काय? औषध घेतलं, गुण आला, संपलं. तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावलं. ते जसं मला समजलं तसं सांगतो.

औषधाचा कण फार लहान असतो. तो रक्तात पडला की सुटा फिरत बसत नाही. रक्तात प्रथिनं असतात, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी, सुताच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. त्या गुंड्याला जागोजाग खाचा असतात आणि औषध त्या खाचांत जाऊन बसतं. ही एक जागा. दुसरी जागा म्हणजे पेशीच्या आतला डीएनए. तो शिडीसारखा, पण पीळ दिलेल्या शिडीसारखा. काही औषधं त्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतात. कडब्याच्या गंजीत दोन पेंढ्यांमध्ये आपण विळा खोचून ठेवतो ना, तसं. पेंढ्या जरा फाकतात, पण विळा पडत नाही. हे विळ्याचं उदाहरण माझं आहे. सरांनी ते पुढे वर्गात वापरलं आणि माझं नाव घेतलं नाही. मी दारातच उभा होतो.

डीएनए बाटलीतून परदेशातून यायचा. आला तर आला. म्हणून सरांनी तो इथंच काढायचं ठरवलं. करडाच्या छातीत, गळ्याच्या खाली एक मऊ गाठ असते, तिला थायमस म्हणतात. बोकड मोठा झाला की ती वाळून जाते, म्हणून करडूच लागतं. सकाळी खाटकाकडून गाठी घ्यायच्या, डब्यात बर्फात ठेवायच्या आणि सायकलच्या हँडलला डबा अडकवून कॉलेज गाठायचं, हे माझं काम. खाटीक आमच्या केडगावचाच, त्यामुळे सगळ्या गावानं ते बघितलं आणि रामभाऊच्या, म्हणजे माझ्या घरी रोज मटण शिजतं अशी बोलवा झाली. माझा एक मेव्हणा मुक्कामाला आला. जाताना म्हणाला, “दाजी, डबा तर रोज दिसतो. ताटात काय दिसत न्हाई.”

मी म्हटलं, “कॉलेज खातंय.”

त्या गाठी कुटून मिठाच्या पाण्यात कालवायच्या, त्यातली घाण काढून टाकायची आणि वरून गार स्पिरिट भांड्याच्या कडेनं अलगद सोडायचं. दोन पाण्यांच्या सांध्यावर पांढरे तंतू धरतात. ते काचेच्या कांडीवर हलक्या हातानं गुंडाळून घ्यायचे. बोकडाचा सगळा वंश त्या कांडीवर येतो, असं सर म्हणायचे. मी पहिल्यांदा गुंडाळला तेव्हा कांडी कपाळाला लावली होती. सर हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं.

बोकडाचं झालं, मग माणसाच्या रक्ताकडे सर वळले. आधी स्वतःचंच काढून घेत होते, पण मुळात त्यांच्यात किती असणार? एक दिवस म्हणाले, “रामभाऊ, एखादा निरोगी, तरणा माणूस बघा. सकाळी उपाशीपोटी आणा. पाण्याशिवाय पोटात काही नको.”

आता निरोगी आणि तरणा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कोण येणार? माझी बहीण देवळाली प्रवरेला दिलेली. तिचा थोरला किसन, म्हणजे माझा भाचा, पैलवान. ऊसपट्ट्यातल्या सगळ्या जत्रांत त्याचं नाव. दारातून आत आला की घरात अंधार पडायचा. मी निरोप धाडला आणि तो आदल्या दिवशीच केडगावला आला.

सरांचं म्हणणं मी नीट ऐकलं होतं, हे इथं स्पष्ट सांगतो. पण ज्याचं रक्त काढायचं त्याला उपाशी न्यायचं, हे माझ्या मनाला पटेना. बैलाला औताला जुंपायच्या आधी आपण वैरण टाकतो. आणि हा तर भाचा. आमच्या मंडळींनी सकाळी त्याला बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा दिला, वर दुधात तूप घालून तांब्या भरून दिला. तो म्हणाला, “मामी, तालमीत तर खुराक याच्यापेक्षा मोठा असतो.” मग मंडळींनी पुन्हा तांब्या भरला. याला कुणी चूक म्हणत असेल तर म्हणो. मी म्हणत नाही.

कॉलेजजवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर एकनाथ रक्त काढायला यायचा. तो त्या दिवशी उशिराच आला, म्हणजे खुराक चांगला अंगी लागायला वेळ मिळाला. किसनची बाही वर केली तर दंड एकनाथच्या मांडीएवढा. एकनाथनं सुई उकळून बाहेर काढली. किसननं ती बघितली आणि स्टुलावरून सरळ जमिनीवर. भल्याभल्यांना ज्याची पाठ लावता आली नाही, त्याची पाठ एका सुईनं लावली. मग तसाच फरशीवर आडवा असताना एकनाथनं त्याचं रक्त काढलं. तेच बरं झालं, नाहीतर त्यानं हात काढून घेतला असता आणि एकनाथ भिंतीवर गेला असता.

रक्त नळीत थोडा वेळ ठेवलं की गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. औषधाला धरून ठेवणारी प्रथिनं त्यातच असतात. नळी हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवली की गाठ खाली बसते आणि वरचं पाणी उसाच्या ताज्या रसासारखं, नितळ मिळतं. मी यंत्र फिरवलं, नळी काढली आणि सरांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरून आडवी-उभी करून बघितली.

“रामभाऊ, हे काय आहे?”

“सीरम आहे, सर.”

“हे दूध आहे.”

वरचं पाणी खरंच पांढरं होतं, दाट, ओतलं तर साय धरील असं. मी म्हटलं, “पैलवानाचं आहे, सर. जरा सकस असणारच.”

“याला काय खायला घातलंत?”

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सरांनी डोक्याला हात लावला. जेवणातलं तूप-लोणी रक्तात उतरलं की काही तास सीरम असं गढूळ होतं. रंग मोजायच्या वेगळ्या यंत्रात सीरममधून उजेड आरपार जावा लागतो, इथं तो अडकूनच पडणार. ते म्हणाले, “हे रक्त कामाचं नाही. टाकून द्या.”

बस, एवढंच. पण हे बोलले तेव्हा एकनाथ सुई धूत उभा होता, आणि एकनाथची सासरवाडी पुणतांब्याची. आणि किसनची सोयरीक पुणतांब्याच्याच गंगाराम आबांच्या सुमनशी ठरत आली होती. सुपारी फुटायला थोडेच दिवस होते.

एकनाथनं सासरी जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो शपथेवर सांगतो की त्यानं फक्त ‘गढूळ’ म्हटलं. पण बोलणं पुणतांब्यात पोचलं तेव्हा किसनचं रक्त दुधासारखं फुटलं होतं, आणि तिथून उलटं देवळालीला आलं तेव्हा त्याच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं, नुसतं पाणी होतं. कॉलेजनं तपासून परत पाठवलं म्हणे. गंगाराम आबांनी निरोप धाडला, सुपारी तूर्त थांबवा.

बहीण रडत केडगावला आली. “दादा, तुझ्या हातानं केलंस. माझ्या पोराला बाटलीत घालून वंगाळ ठरवलंस.”

“वंगाळ कुनी ठरवलं? तूप जास्त झालं.”

“तुपानं कुनाचं लगीन मोडत न्हाई.”

किसन तिच्या मागे उभा होता, मान खाली. एवढं मोठं अंग, पण तेव्हा ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. तो हळूच म्हणाला, “मामा, कुस्ती हरलो तर पुढल्या जत्रंला पुन्यांदा धरता येती. हे हरलो तर कुठल्या जत्रंला धरू?” सुमनला त्यानं एकदाच बघितलं होतं, पोह्याची ताटली घेऊन आली तेव्हा. त्या दिवसापासून त्याचं तालमीत लक्ष नाही, असं वस्ताद सांगत होते.

मी पुणतांब्याला गेलो. गंगाराम आबा गोदावरीकाठच्या काळ्या रानाचे मालक, फेटा बांधलेले, माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच अडेल. मी म्हटलं, “आबा, पोरात दोष न्हाई. सरांकडून लिहून आनतो.”

“कागदावर शिक्का मारून काय बी मिळतं, पाव्हनं. मला डोळ्यानं बघायचंय. लेक माझी हाय. रक्तात दोष असंल तर उद्या नातवंडांत यायचा.”

“मग या नगरला. दाखवतो.”

हे मी सरांना न विचारता बोलून आलो. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते चष्मा पुसत राहिले.

“रामभाऊ, मी केमिस्ट्रीचा माणूस आहे. लग्नं जुळवायचं काम माझं नाही.”

“सर, टाकून द्या तुम्ही म्हणालात. आता उचलून घ्यायचं पण तुम्हीच.”

सर भले माणूस. उचलून घ्यायला तयार झाले. फक्त म्हणाले, “या वेळेला उपाशी म्हणजे उपाशी.”

आबा यायचे त्याच्या दोन दिवस आधी किसनला मी केडगावला आणून ठेवला. संध्याकाळी साधी भाकरी आणि पाण्यातली डाळ, सकाळी नुसतं पाणी. आमच्या मंडळींनी त्याच्यासमोर चुलीवर तवा ठेवला नाही, एवढी दया केली. तरी शेजारच्या घरात फोडणी पडली तेव्हा तो भिंतीला कान लावून बसला. कॉलेजात सुईच्या वेळी त्यानं तोंड माझ्या खांद्यात खुपसलं आणि माझा दंड असा धरला की रक्त त्याचं काढलं आणि निळा पडलो मी. पण नळी खिडकीकडे धरली तेव्हा सीरम निघालं, नितळ. मधाच्या रंगाचं. मी किसनच्या पाठीत धपाटा घातला. मग त्याला समोरच्या हॉटेलात नेऊन बसवला. तिथल्या मालकाला अजून ते आठवतं.

त्या सीरमचं सरांनी पुढे काय केलं ते बघण्यासारखं होतं. औषध दिसत नाही म्हणून औषधाच्या जागी ते रंग घ्यायचे, मेथिल ऑरेंज. सेलोफेनची नळी असते, सुताच्या दोऱ्यानं दोन्ही तोंडं बांधली की पिशवी होते. तिला डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. रंगाचे बारके कण आत-बाहेर जातात, मोठी प्रथिनं आतच राहतात. सरांनी एका पिशवीत किसनचं सीरम भरलं, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी, आणि दोन्ही फिक्या नारिंगी पाण्याच्या दोन बरण्यांत सोडल्या. बरण्या हलवत ठेवायचं काम माझं. पाण्याच्या पिशवीत रंग बाहेरच्याइतकाच येतो, कारण तिथं त्याला धरणारं कुणी नाही. सीरमच्या पिशवीत शिरलेला रंग प्रथिनाला चिकटतो, म्हणून आणखी रंग आत येतो, तोही चिकटतो. हळूहळू ती पिशवी गडद होत जाते. मेंढरं जशी एकामागं एक वाड्यात शिरतात आणि बाहेर येत नाहीत, तसं दिसतं.

पुढे सरांचा यावर इंग्रजीत लेख छापून आला. त्यात रक्त कुणाचं, तर ‘एक निरोगी प्रौढ पुरुष’. मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि मला वाईट वाटलं. देवळाली प्रवराचा किसन पैलवान, एवढं लिहायला किती जागा गेली असती?

ठरल्या दिवशी गंगाराम आबा मनमाडच्या बाजूनं येणाऱ्या गाडीनं आले. मी स्टेशनवरून त्यांना आधी केडगावला घरी नेलं. होणारा सोयरा पहिल्यांदा दारात आला, त्याला कोरडा कॉलेजात नेणं शक्य नव्हतं. आमच्या मंडळींनी पुरणपोळी केली होती. आबा भांडायला आले होते, पण पुरणपोळीशी त्यांचं भांडण नव्हतं. पोळीवर तूप, वाटीत तूप, वर दूध. “बास, बास” म्हणताना हात ताटावर आडवा धरायचे, पण बोटं फाकलेली ठेवायचे. जेवून जरा लवंडले. मग आम्ही टांग्यानं कॉलेजात गेलो.

प्रयोगशाळेत आबांनी आधी सगळीकडे वास घेतला. मग खुर्चीवर न बसता स्टुलावर बसले. सर नमस्कार करून किसनच्या पहिल्या रक्तातल्या तुपाचं सांगायला लागले, तर आबा छताकडे बघत बसले. मग सर म्हणाले, “तुमची शंका वंशाची आहे ना? वंश रक्ताच्या या पाण्यात नसतो. तो यात असतो.” आणि त्यांनी करडाच्या डीएनएची कांडी दाखवली.

आबांनी तंतूला बोट लावून बघितलं. “हे कुनाचं?”

“बोकडाचं.”

“मग मला बोकडाचं काय करायचंय? पैलवानाचं काढून दावा.”

सरांनी कांडी बाजूला ठेवली. मीच म्हटलं, “आबा, ते काढायला त्याला छातीपासून उघडावा लागंल. मग लगीन कुनाशी लावता?”

किसन दाराशी उभा होता, तो एक पाऊल मागे सरला.

मग सरांनी बरण्या पुढे ओढल्या. दोन पिशव्या वर उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवल्या. पाण्याची पिशवी फिकी, किसनच्या सीरमची चांगली गडद नारिंगी. सर म्हणाले, “बघा, याच्या रक्तातल्या प्रथिनानं रंग धरून ठेवलाय. निरोगी रक्त असंच करतं. औषध घेतलं तरी असंच धरून ठेवतं.”

आबा वाकून बघत राहिले. “धरूनच ठेवलं तर औषध गुन कवा देनार?”

सरांचा चेहरा उजळला. “हाच खरा प्रश्न. जे सुटं राहतं, तेवढंच काम करतं.”

“म्हंजे सोसायटीच्या खतावानी,” आबा म्हणाले. “गावात गाडी येती, निम्मं खत चेअरमनच्या पडवीत बसतं. सुटंल तेवढंच रानात जातं.”

“अगदी बरोबर. फक्त रक्त चेअरमनपेक्षा बरं. सुटलेलं खर्च झालं की ते आपल्याकडचं आणखी सोडतं.”

“मग आमच्या चेअरमनला एकदा तुमच्याकडं धाडतो,” आबा म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण हा माणूस सहज वाकणारा नव्हता. त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, “पोराचं बघितलं. पर चांगलं कशाला म्हनायचं ते मला कसं कळावं? शेजारी दुसरं नको का? माझं काढा. आमच्या घरान्यात चार पिढ्या कुनी दवाखाना बघितला न्हाई. माझं रक्त शेजारी ठेवा, मंग फरक कळंल.”

सर काहीतरी विचारणार होते, पण आबांनी बाही आधीच वर केली होती. एकनाथनं रक्त काढलं. आबांनी डोळ्याची पापणी हलवली नाही, उलट किसनकडे बघत राहिले. मग फेट्याच्या शेवातून धागा ओढला आणि स्वतःच्या हातानं नळीला बांधला. “नळ्या एकसारख्या दिसत्यात. अदलाबदल नको.”

रक्त गोठेपर्यंत चहा झाला. आबांनी तो फुंकून दोन बशा घेतला आणि आपल्या आजोबांनी पुराच्या गोदावरीतून म्हैस कशी पोहत आणली ते सांगितलं. ती म्हैस त्या दिवशी फारच लांब पोहली. मग मी नळी यंत्रात घालून फिरवली, बाहेर काढली आणि किसनच्या नळीशेजारी खिडकीत उभी केली.

किसनची मधासारखी. शेजारची पांढरीफटक.

आबा जवळ गेले, मग लांब गेले, मग चष्मा नव्हता तरी डोळे चोळले.

“हे कुनाचं?”

“तुमचं,” मी म्हटलं.

“नळी बदलली असंल.”

“धागा बघा.”

धागा त्यांच्याच फेट्याचा. गाठही त्यांचीच. आबा स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या नळीकडे बघत राहिले. पुराच्या गोदावरीतून म्हैस आणणाऱ्याचा नातू, पण चेहरा तेवढ्यात म्हातारा झाला. किसन पुढे आला, त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “आबा, घाबरू नगा. मला बी पहिल्यांदा असंच झालं हुतं.”

सर म्हणाले, “दुपारी जेवण काय झालं?”

“पुरनपोळी,” आबा बारीक आवाजात म्हणाले.

“तूप किती?”

आबा बोटांवर मोजायला लागले. मी म्हटलं, “सर, आमच्यात तूप मोजत न्हाईत.”

मग सरांनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. हे तूप आहे, दोष नाही, उद्यापर्यंत निवळेल, किसनचंही हेच झालं होतं. मघाशी आबा हेच ऐकताना छताकडे बघत होते. आता प्रत्येक शब्दाला मान हलत होती. सगळं ऐकून झाल्यावर ते उठले, किसनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुपारी ठरल्या दिवशीच.”

किसननं त्यांच्या पायाला हात लावला, मग माझ्या, मग सरांच्या. सर मागे सरकता सरकता बरणीवर आदळणार होते, मी बरणी धरली.

आबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “पाव्हनं, हे माझ्या नळीचं पुनतांब्यात कळायला नको.”

मी मोठ्यानं विचारलं, “एकनाथ, तुझी सासरवाडी कुठली रे?”

एकनाथ सुई पुसत म्हणाला, “मी काय बघितलंच न्हाई, रामभाऊ. मी पाठमोरा हुतो.”

परतीची गाडी आबांनी सोडून दिली आणि आमच्याकडे मुक्काम केला. मला वाटलं, सोयरीक पक्की झाली म्हणून आनंदानं राहिले. पण ताट वाढलं तर म्हणाले, नुसती भाकरी आणि मीठ-मिरची. तेलाचा थेंब नको. आमच्या मंडळींना राग आला. दुपारी एवढं खाल्लं आणि आता घरचं अन्न नावडतं झालं का, म्हणाल्या. मी खुणेनं गप्प केलं. आबा अंगणात खाटेवर बसून स्वतःच्या मनगटावरची शीर दाबून बघत होते.

“पाव्हनं,” ते म्हणाले, “सर बोलले त्ये पटलं. लेक दिली, शब्द दिला, त्यात आता बदल न्हाई. पर माझं निवळलेलं मी बघितल्याशिवाय गावाकडं पाय वळनार न्हाई. सकाळी कॉलेज किती वाजता उघडतं?”

मी म्हटलं, “मी उघडीन तवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी चूल पेटवायला बसल्या तर मी काडी काढून घेतली. चहा नाही, भाकरी नाही, काही नाही. आबा आणि मी पुणे रस्त्यानं चालत निघालो. सायकल मी घेतली नाही, सोयऱ्याला मागे बसवणं बरं दिसलं नसतं. वाटेत हॉटेलात भजी तळत होते, तिथं आम्ही दोघांनीही रस्त्याची दुसरी कड धरली. प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. आबा स्टुलावर बसले, बाही वर केली. एकनाथला बोलावून आणलं. सर आले तेव्हा आबांच्या शेजारच्या स्टुलावर मीही बसलो होतो, बाही वर करून.

“रामभाऊ, तुमचं कशाला?” सर म्हणाले. “मला एकाचंच पुरे आहे.”

मी म्हटलं, “सर, सोयरा उपाशी आणि आपण जेवून, ही रीत न्हाई आमच्यात. आता बसलोच हाय तर काढून घ्या.”